थोटीचं खुरपं

त्या वर्षी तणसुद्धा उगवलं नाही. पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं हे सगळ्यांना कळतं, लोहाराचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. तण नाही तर निंदणी नाही, निंदणी नाही तर खुरपं झिजत नाही, आणि खुरपं झिजलं नाही तर आमच्या दारात यायचं कुणाला काय कारण? वरच्याकडे गवत मागणारा गावात मी एकटाच असेन. भट्टी दर तिसऱ्या दिवशी पेटवत होतो, तीही गार पडलेली बघवत नाही म्हणून.

घरात माणसं तीन. मी, माझी बायको आणि माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणतो, बायको वन्सं म्हणते आणि गाव थोटी म्हणतं. तिच्या उजव्या हाताला मधली तीन बोटं नाहीत, अंगठा आणि करंगळी तेवढी आहे. लहानपणापासून असंच असल्यामुळे आपण काही लागट बोलतोय असं गावाला वाटतच नाही. तीही ओ देते. तिच्याऐवजी मलाच ते नाव लागतं.

कामाची वाटणी ठरलेली. अक्का भात्याची दोरी ओढायची, बायको सांडशीत तापलेलं लोखंड धरायची, मी घण मारायचो. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला सांडशी धरायला अक्कानेच शिकवलं, पण लांब उभं राहून, तोंडाने. "मनगट सैल ठेव. लोखंड आवळू नकोस, नुसतं सांभाळ. घणाकडे बघू नकोस, लोखंडाकडे बघ." एवढं येतं तर वन्सं स्वतः ऐरणीपाशी का येत नाहीत, असं बायकोने पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. हाताला पकड नाही तिच्या, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्याच हाताने अक्का विहिरीतून भरलेली बादली ओढून काढते. खरं कारण मी तेव्हा टाळलं, आणि आताही थोडं पुढे ढकलतो.

ज्या खुरप्यामुळे हे सगळं झालं ते अक्काचं डोकं. निंदणीच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या शेतात जायची, आणि साधं खुरपं तिच्या अंगठ्या-करंगळीतून निसटायचं. मग एका वर्षी तिने भट्टीपुढच्या राखेत करंगळीने रेघा काढून मला बसवून घेतलं. मूठ अशी वाकवायची, मुठीच्या मागे दांडा लांबवायचा, आणि त्याला एक उघड्या तोंडाचं कडं, कोपराच्या जरा खाली हाताला टेकणारं. म्हणजे जोर बोटांवर न येता अख्ख्या हातावर येतो. ती सांगायची, मी वाकवायचो. शेतात जाऊन यायची आणि म्हणायची, "जरा जास्त झालं रे, सरळ कर." मी चरफडत सरळ करायचो. असे तीन हंगाम गेले. मग एका संध्याकाळी ती शेतातून आली आणि काही न बोलता खुरपं खुंटीला अडकवलं, तेव्हा मी समजलो की जमलं.

सांधे धरलेल्या म्हाताऱ्या बायकांनी ते पहिल्यांदा मागितलं. मग सगळ्यांनीच. चार गावांच्या बायका दारात येऊन म्हणायच्या, "लोहारा, थोटीचं खुरपं आहे का?" माल खपत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

अशा त्या कोरड्या दिवसांत नोंदणीवाली मॅडम आली. मोठ्या गावात एक केंद्र उघडलं होतं. पाटीवर लांबलचक नाव होतं, लोकांनी त्याचं शोध केंद्र करून टाकलं. मॅडम पंचविशीची, दुचाकीवरून आलेली. डोक्याचा रुमाल सोडून तिने आधी पाणी मागितलं, मग पालथ्या घमेल्यावर बसून पिशवीतून फळ्यासारखा मोबाइल काढला.

"लोहारकाका, इतकी वर्षं आमच्या केंद्राची मदत कारखानदारांना आणि कॉलेजवाल्यांनाच गेली," ती म्हणाली. "त्यावर वरून ओरडा झाला. आता नवं धोरण आलंय. छोटे कारागीर, बायका, अपंग, ज्यांना आजवर कुणी विचारलं नाही त्यांना सामावून घ्यायचं. म्हणून दारोदार फिरतेय."

"सामावून घ्यायचं म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे आत घ्यायचं."

"कशाच्या आत?"

मॅडम हसली. "धोरणाच्या." चांगली होती पोरगी, हसताना दमलेली दिसायची. "निवड झाली तर केंद्राकडून विजेवर चालणारा घण मिळेल. शेडपर्यंत वीज आणून देतील. तुमच्या खुरप्याचं कानावर आलंय. काय ते, थोटीचं..."

"तसलं नाव लिहू नका," मी म्हणालो. "सुधारित खुरपं लिहा."

अक्का तेव्हा चार हातांवर, भात्यापाशी बसून राख चाळत होती. चाळणीचा आवाज सारखा चालू होता.

"शोधकर्ता कोण?"

"घरातच बनलंय ते."

"घरातच असं लिहिता येत नाही, काका. एक नाव लागतं."

मी अक्काकडे बघितलं नाही. वाकवलं कुणी, ठोकलं कुणी, तापल्या पात्याला पाणी पाजलं कुणी, असा सगळा हिशेब तेवढ्या वेळात मनाशी मांडला आणि तो मला फार सोयीचा निघाला. "मग माझं लिहा," मी म्हणालो. चाळणी थांबली नाही. थांबली असती तर बरं झालं असतं.

मॅडमने माझं नाव लिहिलं. मग म्हणाली, "आता लाभार्थी. महिला असेल तर पाच गुण जास्त, अपंग असेल तर दहा." आणि तिची नजर अक्काच्या हातावर गेली. "मावशी, तुम्ही वापरता का हे खुरपं?"

"वापरते."

"त्रास कमी झाला?"

"झाला."

"मग तुमचंच नाव घालते."

"लाभार्थी म्हणजे काय गं?" अक्काने विचारलं.

"ज्याला मिळतं तो."

अक्काने जरा विचार केला आणि "बरं" म्हणाली.

बायकोला राहवलं नाही. "दोन्हीकडे वन्संचंच नाव घातलं तर?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. मॅडमला ते दिसलं नाही, ती मान हलवत होती. "मशीन घेत नाही, काकू. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. एकच माणूस दोन्ही असू शकतो असं त्यात धरलेलंच नाही."

मग काचेवर बोटाने सही करायची होती. अक्काने करंगळीने केली, सावकाश, नीट. मॅडम गेल्यावर बायको माझ्याशी आठ दिवस कामापुरतंच बोलली. अक्का मात्र रोजच्यासारखी बोलत होती, आणि त्यामुळे मला घरात बसवत नव्हतं.

निवड झाली. केंद्राच्या सभागृहात कार्यक्रम होता. दारात नाव विचारून छातीवर फीत लावत होते, शोधकर्त्यांना निळी, लाभार्थ्यांना पिवळी. निळ्यांना पुढे गादीच्या खुर्च्या होत्या, पिवळ्यांना मागे बाकडी. पुढे चहा फिरला. तो मागे जाईपर्यंत संपला, असं नंतर बायको म्हणाली. मी मागे वळून एकदाच बघितलं. अक्का धुतलेलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती आणि छतावरचे पंखे मोजल्यासारखी वर बघत होती.

पडद्यावर आमच्या खुरप्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, मनगट-आधारित तणनियंत्रक अवजार. माझंच खुरपं मला ओळखू येईना. टेबलावर मातीचा ट्रे होता, त्यात कुठून तरी आणलेलं तण लावलं होतं. त्या वर्षी ते कुठे मिळालं हेच मला नवल वाटलं. केंद्राचे साहेब म्हणाले, "शोधकर्त्यांनी प्रात्यक्षिक दाखवावं."

आता सांगायची गोष्ट अशी की लोहार खुरपं बनवतो, खुरपत नाही. मी ते खुरपं शंभर वेळा ऐरणीवर धरलं असेल, हातात घालून मातीला एकदाही लावलं नव्हतं. कडं चढवलं. त्याचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं हे मला आठवेना, कारण मला ते कधी ठाऊकच नव्हतं. मी ते बाहेरच्या अंगाला ठेवलं. जोर लावला तसं पातं खाली शिरलं, दांडा उलटा फिरून माझ्या मनगटावर बसला आणि मूठभर माती साहेबांच्या बुटांवर उडाली. सभागृहात कुणीतरी खोकलं. माझे कान इतके तापले की त्यावर लोखंड लाल झालं असतं.

साहेब सांभाळून घेणारे होते. "असू दे, असू दे. अवजार वापरणाऱ्यासाठी असतं, बनवणाऱ्यासाठी नसतं." लोक हसले. "आता आपण लाभार्थ्यांना बोलवू या."

अक्का मागून चालत आली. बाकड्यांपासून टेबलापर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण सगळी सभा वळून तिच्या हाताकडे बघत होती, म्हणून ते लांबलं. साहेबांनी तिच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेली वस्तू दिली. फोटोवाल्याने मला बाजूला उभं केलं आणि वस्तूला हात लावायला सांगितलं, म्हणजे मी देतोय असं दिसलं असतं. मी हात लावला. "काका, हसा जरा," तो म्हणाला. मी हसलो.

"उघडा, ताई," साहेब म्हणाले.

कागदावरच्या फितीची गाठ घट्ट होती. अक्काने अंगठ्या-करंगळीत ती धरायचा प्रयत्न केला, दोनदा निसटली. कुणी पुढे झालं नाही, मीही नाही. शेवटी तिने दाताने गाठ सोडली. कागद फाडला नाही, घडी घालून काखेत धरला. आत तिचंच खुरपं होतं. थंडीत तिने माझ्याकडून दोनदा सरळ करून घेतलेलं, केंद्राने नमुना म्हणून नेलेलं, तेच. तिने अंगठ्याने धार बघितली. मग कड्याचं तोंड आतल्या अंगाला वळवून हातात चढवलं आणि ट्रेकडे बघून म्हणाली, "हे खाली ठेवा. टेबलावर चढून कुणी खुरपतं का?"

सभा हसली, आणि ते हसणं चांगलं होतं. ट्रे खाली ठेवला. अक्का उकिडवी बसली, आणि चार ओढींत सगळं तण मुळासकट एका बाजूला, माती दुसऱ्या बाजूला. एक दाणा बाहेर सांडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा," साहेब माइकमध्ये म्हणाले, "लाभार्थ्यांनी किती लवकर आत्मसात केलं. यालाच आम्ही सामावून घेणं म्हणतो." आणि मग, प्रेमानेच, माइक तिच्या तोंडाशी नेऊन त्यांनी विचारलं, "ताई, हाताला काय झालं होतं?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर.

"लोखंड घसरलं," ती म्हणाली.

आता ते सांगतो. लोखंड घसरलं नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो, ती तेराची. वडील दारात गिऱ्हाइकाशी बोलत होते. ऐरणीवर लाल लोखंड होतं, सांडशी अक्काच्या हातात होती आणि घण मोकळा पडला होता. मला तो उचलता येतो हे दाखवायचं होतं. तिने लोखंड नीट बसवायला उजवा हात सांडशीवर पुढे सरकवला आणि म्हणाली, "थांब." मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगून बघितलं, पण मी ऐकलं होतं. घण वर गेलेला होता आणि तो सगळ्यांना दिसावा असं मला वाटत होतं. वडील धावत आत आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आतच अक्का म्हणाली, "लोखंड घसरलं." वडील गेले, आई गेली, त्यांना तेवढंच ठाऊक होतं. त्यानंतर माझ्या हातात घण असताना अक्काने सांडशी धरली नाही. कुणाला काही बोलली नाही, फक्त भात्यापाशी जाऊन बसली ती बसलीच.

बेचाळीस वर्षांनी तेच दोन शब्द, त्याच आवाजात, माइकमधून सगळ्या सभागृहात. माझ्या छातीवर निळी फीत होती. ती काढून टाकावी असं फार वाटलं. मी काढली नाही, कार्यक्रम संपायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच केंद्रात गेलो. मॅडम कागदांच्या ढिगामागे बसली होती.

"नाव चुकलंय," मी म्हणालो. "खुरपं बहिणीचं आहे. शोध तिचा, मी नुसतं ठोकलं."

तिने हातातलं काम ठेवलं. "मी विचारलं होतं तुम्हाला, काका."

"हो."

"त्या तिथेच बसल्या होत्या."

"हो."

"मलाही कळायला हवं होतं," ती म्हणाली, आणि तिचीही मान खाली गेली. "हात बघितला आणि दहा गुण दिसले मला. तो हात बघून खुरपं कुणाचं हे विचारायला नको होतं का?" मग तिने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. मी वर पाठवते. पण शोधकर्त्याचं नाव बदललं तर अर्ज बाद होतो, नियमच तसा आहे. घण मग दुसऱ्या गावाला जाईल."

पेन माझ्या हातात होतं. मी कागदाकडे बघत बसलो. बाहेर ऊन होतं, घरी भट्टी गार होती. "विचारून येतो," मी म्हणालो, आणि पेन टेबलावर ठेवलं. विचारायचं काय होतं त्यात? पण माणसाला पळायलाही काहीतरी सभ्य वाट लागते.

घरी आलो तर अक्का दारात कोळसा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाव बदलता येतं, पण मग घण जातो.

"मोठा असतो का रे तो घण?" तिने विचारलं.

"मोठा असतो."

"पायाने चालतो म्हणे."

"हो. पट्टी असते पायाखाली."

तिने आणखी दोन ढेकळं फोडली. मग म्हणाली, "राहू दे नाव. घण येऊ दे."

मला वाटलं, माफ केलं तिने. सगळंच, तेसुद्धा आणि हेसुद्धा. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, हे आता सांगायला लाज वाटते. परत केंद्रात गेलो नाही.

घण आला तोपर्यंत पाऊस होऊन गेला होता आणि तण असं माजलं होतं की रोज दारात रांग. ट्रॅक्टरवरून उतरवायलाच सहा माणसं लागली. केंद्राच्या मिस्त्रीने दोन दिवस खपून तो बसवला. माणसाएवढं उंच, हिरवं यंत्र. पट्टी दाबली की घण पडायचा, पाय उचलला की जिथल्या तिथे थांबायचा. छातीच्या उंचीवर पत्र्याची पाटी होती. वर केंद्राचं नाव, खाली शोधकर्ता म्हणून माझं, त्याच्या खाली लाभार्थी म्हणून अक्काचं.

अक्काने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि अक्षर अक्षर लावून वाचली. दोन्ही ओळी वाचून झाल्यावर म्हणाली, "उलटं लागलंय हे."

"सरळच आहे की, मावशी," मिस्त्री म्हणाला. "पातळी लावून बसवलंय."

बायको हसू लपवायला आत गेली. ज्याला मिळतं तो लाभार्थी, हे मला आठवलं आणि मी पाटीकडे पाठ केली.

मिस्त्री गेल्यावर भट्टी पेटवली. पहिलं लोखंड लाल झालं. मी सवयीने बायकोला हाक मारली, पण ती जागची हलली नाही, अक्काकडे बघत राहिली. अक्का भात्यापासून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. येऊन तिने खुंटीवरची सांडशी काढली, अंगठ्या-करंगळीत तिचा एक दांडा बसवला, दुसरा डाव्या हाताने धरला आणि भट्टीतून लोखंड उचललं. बेचाळीस वर्षांत तिच्या हातात सांडशी मी बघितली नव्हती. मनगट सैल होतं. लोखंड तिने नुसतं सांभाळलेलं होतं.

ती यंत्रापुढे उभी राहिली, लोखंड घणाखाली धरलं आणि उजवा पाय पट्टीवर ठेवला. घणाच्या खाली तिचा तो हात दोन वितींवर होता.

"अक्का, सांभाळून," मी म्हणालो. "मी धरतो. तू बस."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, रडलोही असतो.

"हा थांब म्हटलं की थांबतो," ती म्हणाली.

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग अक्काच्या हाताकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. तिला काय ते कळलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, नियंत्रक-बियंत्रक असल्या मोठ्या शब्दांत नाही, साध्या अक्षरांत.

अक्काने पट्टी दाबली. घण पडला, उठला, पडला. तिने लोखंड वळवलं, पाय उचलून थांबवलं, मूठ कुठे वाकवायची ती जागा करंगळीने लांबूनच हेरली, पुन्हा दाबलं. मी इतकी वर्षं मारलेल्या घावांत जे येत नव्हतं ते पातळ, सारखं पातं माझ्या डोळ्यांदेखत उतरत होतं. मग लोखंड काळवंडलं आणि तिने ते परत भट्टीत खुपसलं.

"निखारा पडतोय रे धाकट्या," ती म्हणाली. "भाता ओढ."

मी भात्यापाशी जाऊन तिच्या जागेवर बसलो. दोरीची मूठ तिच्या हाताने झिजून मधोमध खोलगट झाली होती, माझी चार बोटं तिथे मावत नव्हती. मी तशीच धरली आणि ओढायला लागलो.